डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, सांगली जिल्ह्यात राहतो. शुगर आणि बीपी जुनं आहे. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी खिशात असते, पण अजून लागलेली नाही. गेल्या वर्षी रात्री सारखं लघवीला उठावं लागू लागलं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४६ ग्रॅम निघालं आणि टॅम्सुलोसिन ०.४ सुरू झालं. धार सुधारली. मात्र संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, ही अडचण दोन वर्षांपासून आहे. एका मित्रानं टाडालाफिल २० मिलिग्रॅमची पट्टी आणून दिली. मेडिकलमध्ये चिठ्ठी विचारली नाही. गुण आला, पण दुसऱ्यांदा घेतली त्या रात्री लघवीला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन चौकटीवर आदळलो. घरात कुणालाही सांगितलेलं नाही. गोळी निम्मी करून घेऊ का? हीच गोळी प्रोस्टेटवरही चालते म्हणतात, मग टॅम्सुलोसिन बंद करू का? आणि प्रोस्टेटच्या औषधानंच ही कमजोरी आली असेल का? कृपया नाव छापू नये.

उत्तर : गुरुजी, आधी एवढं करा. ती पट्टी बाजूला ठेवा. अख्खी नको, निम्मी नको, पाव नको. हृदयाच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत एकही गोळी घेऊ नका. मी मूत्ररोगाची डॉक्टर आहे, टाडालाफिल मी स्वतः अनेकांना लिहून देते, औषध चांगलं आहे. तुमच्या पत्रातली भीतीची गोष्ट टाडालाफिल नाही. खिशात सॉर्बिट्रेट आहे, पोटात टाडालाफिल गेलंय आणि या दोन्ही गोष्टी ठाऊक असणारा माणूस जगात तुमच्याशिवाय कुणी नाही, ही ती गोष्ट आहे.

सॉर्बिट्रेट हे नायट्रेट जातीचं औषध, ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात आणि छातीतली कळ थांबते. टाडालाफिल त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला काम करतं, रक्तवाहिनी सैल ठेवणारं रसायन मोडू देत नाही. म्हणजे एकानं नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्यानं मोरीला बोळा लावायचा. दोन्ही एकत्र आली की बीपी इतकं कोसळू शकतं की माणूस शुद्धीवर राहत नाही, आणि स्टेंट बसवलेल्या हृदयाला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो. टाडालाफिलच्या जातीचं पहिलं औषध, सिल्डेनाफिल, मुळात हृदयाच्या दुखण्यावरच तपासलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मात्र ताठरतेसाठी. हृदयासाठी शोधत असताना हाती लागलेलं औषध हृदयाच्याच एका गोळीशी असं वैर धरून आहे.

हे वैर किती वेळ टिकतं? सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट चालत नाही. टाडालाफिलचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेसतरा तास लागतात. शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळीही अंगात असते, आणि सोमवारी सकाळी बसस्टँडचा चढ चढताना छातीत कळ आली तर माणसाचा हात सवयीनं खिशाकडे जाणार. टाडालाफिल घेतल्यानंतर असं झालं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायचं नाही. बसायचं, १०८ ला फोन करायचा, आणि दवाखान्यात पाऊल ठेवताच पहिलं वाक्य बोलायचं, ‘ही गोळी अमुक वेळी घेतली आहे.’ तिथला डॉक्टर सवयीनंच नायट्रेट देणार असतो. त्याला सांगितलं तर त्याच्याकडे दुसरे उपाय आहेत. आणि तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसलात तर हे सांगणार कोण? म्हणून तुमच्या पत्नीला ठाऊक असायला हवं. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळी चालू असेल तर तिलाही हाच नियम.

माझ्या मिरजेच्या ओपीडीत रोज दिसणारं दृश्य सांगते. नवरा-बायको पिशवीभर पट्ट्या घेऊन येतात. मी एकेक पट्टी विचारत जाते. मग गृहस्थ पत्नीला म्हणतात, ‘जरा बाहेर बस.’ ती बाहेर गेली की शर्टाच्या आतल्या खिशातून शेवटची पट्टी निघते. ती पिशवीत नसते, केसपेपरवर नसते, हृदयाच्या डॉक्टरांच्या फायलीतही नसते. मला त्या माणसांचा राग येत नाही. भिंतीभिंतीवर ‘मर्दानी ताकद’ रंगवणाऱ्यांनी या साध्या आजाराची अशी लाज करून ठेवली आहे की साठीतला अब्रूदार माणूस त्याबद्दल डॉक्टरशी बोलायला कचरतो आणि पान खाता खाता मित्राशी बोलतो. पण चिठ्ठीशिवाय ही पट्टी देणाऱ्या मेडिकलचा मला राग येतो. ही शेड्यूल एचमधली औषधं आहेत, चिठ्ठी पाहिल्याशिवाय विकायचीच नाहीत. ‘सॉर्बिट्रेट घेता का?’ एवढा एक प्रश्न तरी विचारावा.

आता अंधारीबद्दल. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू ढिले करतं, थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही. टाडालाफिलही रक्तवाहिन्या ढिल्या करतं. भरीला बीपीची गोळी. झोपेतून ताडकन उठलात, रक्त पायात उतरलं. दोन्ही औषधं एकत्र देता येतच नाहीत असं नाही. टॅम्सुलोसिन नीट अंगवळणी पडलेलं असेल, बीपी स्थिर असेल, तर सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करतात. तुम्ही थेट २० पासून केलीत, तीही टोकाची मात्रा. टॅम्सुलोसिन रोज एकाच ठरलेल्या जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्या. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा, लघवी बसूनच करा. आणि चौकटीवर आदळताना डोक्याला लागलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्टेंटवाले बहुधा रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यामुळे डोकं आपटलं असेल तर तेवढ्यासाठीही डॉक्टरांना दाखवा.

हीच गोळी प्रोस्टेटवर चालते हे खरं आहे. २०११ पासून अमेरिकेत तिला त्यासाठीही मान्यता आहे, पण मात्रा रोज ५ मिलिग्रॅम, २० नव्हे. वीसच्या गोळीचे घरी सुरीनं चार भाग केले तर ते सारखे होत नाहीत, आणि रोज घेतलं की आदल्या दिवसाचा उरलेला अंश त्यात मिसळत जातो. किडनी कमजोर असेल तर तो आणखी रेंगाळतो. तुम्हाला शुगर आहे, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय मी ५ सुद्धा लिहिणार नाही. टॅम्सुलोसिन स्वतःच्या मनानं बंद करू नका, लघवी तुंबली तर मध्यरात्री नळी घालायला धावावं लागेल. सर्दीच्या गोळ्यांपासूनही म्हणूनच सांभाळा. त्यांत बहुधा फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं, आणि मोठं प्रोस्टेट असलेल्या माणसाची लघवी त्यांनी अडू शकते. गजकर्णावर इट्राकोनॅझोल चालू झालं तर तेही सांगा, त्यानं टाडालाफिलचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

कमजोरी टॅम्सुलोसिननं आली असं मला वाटत नाही. त्यानं वीर्य कमी पडतं किंवा बाहेर येत नाही, पण ताठरता सहसा जात नाही. शिवाय तुमची तक्रार दोन वर्षांची, गोळी एका वर्षाची. खरा संशय शुगर आणि रक्तवाहिन्यांवर. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, त्यामुळे रक्तपुरवठ्यातली अडचण तिथे आधी जाणवते. म्हणून माझ्याकडे कुणी फक्त ताठरतेची तक्रार घेऊन आला तरी मी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल आणि बीपी पाहते. स्टेंट असलेल्या माणसात दोन वर्षांत ही तक्रार वाढली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना कळायलाच हवं.

त्यांच्याकडे जाताना सगळ्या पट्ट्या न्या, ही पट्टीसुद्धा. दोन प्रश्न विचारा : संबंधाचा श्रम माझ्या हृदयाला झेपेल का, आणि सॉर्बिट्रेटची गरज अजून आहे का? चार वर्षांत ती एकदाही लागलेली नाही, तपासणीअंती ते कदाचित ती काढून टाकतील, आणि मग आपल्याला कमी मात्रेचा विचार करता येईल. गरज आहे म्हणाले तर या जातीची एकही गोळी नाही. तेव्हाही वाट संपत नाही. हवेच्या दाबावर चालणारा व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शनचे उपाय आहेत, ते आम्ही शिकवतो. तोवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी शक्तिवर्धक कॅप्सूलही घेऊ नका. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, म्हणजे तुम्ही पुन्हा तिथेच.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ७०) प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दीड वर्ष चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ३.१ आला, नॉर्मल म्हणाले. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगी बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना. औषधांचे डबे तीच भरते. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : हो ताई, डबे तुम्ही भरा. ड्युटास्टेराइड कातडीतूनही शोषलं जातं आणि पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत बाधा आणू शकतं. बंद कॅप्सूलला हात लागला म्हणून घाबरू नका, पण फुटलेली, गळणारी कॅप्सूल तिनं मुळीच हाताळू नये. चुकून लागलं तर साबणपाण्यानं लगेच धुवावं.

पीएसएबद्दल : हे औषध सहा महिने घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणून ३.१ ला दोननं गुणा आणि ६.२ समजा. औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधून दोन्ही तुमच्या मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरण्यासारखं असेलच असं नाही, पण ‘नॉर्मल’ म्हणून फायलीत ठेवू नका. हे औषध घेणाऱ्यानं रक्तदानही करायचं नसतं, थांबवल्यावर सहा महिन्यांपर्यंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनचं नाव ऑपरेशनच्या आधी सांगा. या औषधानं बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी फडफडतो. २००५ साली हे पहिल्यांदा नोंदलं गेलं, आता सर्जन त्याची तयारी ठेवतात, मात्र आधी कळलं तर. आठवडाभर गोळी बंद ठेवून हा धोका जात नाही, तेव्हा परस्पर बंद करू नका. नाव चिठ्ठीवर लिहून न्या, ‘प्रोस्टेटची गोळी’ एवढंच सांगू नका.