क्रॉलस्पेसमध्ये पावसाचे पाणी शिरते आणि बुरशी येते. आधी काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, रॅलेजवळच्या आपल्या घराखाली, जमीन आणि तळमजला यांच्यामधल्या बुटक्या पोकळीत म्हणजे क्रॉलस्पेसमध्ये, प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी साचते, तुळयांवर बुरशीचे पांढरट डाग दिसू लागले आहेत आणि सगळी जागा जाड प्लास्टिकने मढवून डिह्युमिडिफायर (हवेतील ओल काढणारे यंत्र) बसवला की काम होईल, असे कंत्राटदार सांगतो आहे. मीही नॉर्थ कॅरोलायनात, अशाच तांबड्या चिकणमातीवरच्या घरात राहतो. माझ्या मते तो उपाय चांगला आहे, पण तो सर्वांत शेवटी करायचा आहे. पाणी आत येतच असेल तर प्लास्टिकमुळे ते थांबत नाही, फक्त दिसेनासे होते, आणि तुळया त्याच्या वर ओल धरत राहतात.

सुरुवात छपरापासून करावी. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी होते, आणि पन्हळी तुंबलेल्या असतील तर ते पागोळ्यांवाटे थेट भिंतीच्या बुडाशी पडते. आपल्याकडे पाइनची झाडे भरपूर असल्याने त्यांच्या सुया पन्हळीत साचतात, कुजून त्यांचा काळा लगदा होतो आणि डाउनस्पाउटचे, म्हणजे पन्हळीचे पाणी खाली आणणाऱ्या उभ्या नळीचे, तोंडच बंद होते. त्यामुळे पन्हळी पानगळीनंतर एकदा आणि वसंतात पुन्हा एकदा साफ कराव्यात. डाउनस्पाउटचे पाणी पाइप जोडून भिंतीपासून किमान सहा, शक्य असेल तर दहा फूट दूर सोडावे. त्याखाली ठेवलेला सिमेंटचा छोटा ठोकळा चिकणमातीत पुरेसा ठरत नाही, कारण ही माती पाणी चटकन मुरू देत नाही आणि ते पायाच्या कडेने वाट शोधते.

त्यानंतर अंगणाचा उतार पाहावा. बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे भिंतीपासूनच्या पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरली पाहिजे. परंतु पाया खणून भरलेली माती काही वर्षांत दबते आणि उतार उलटा, घराकडे होतो. तिथे चिकणमातीच टाकून ठोकून बसवावी. वाळू किंवा मल्च (झाडांच्या बुडाशी पसरतात तो लाकडाचा किंवा सालीचा भुगा) टाकल्यास पाणी त्यातून झिरपून पुन्हा पायाशीच पोहोचते. फुलझाडांच्या वाफ्यांना घातलेली कड पाणी अडवत नाही ना, हेही तपासावे.

पाणी नेमके कुठून येते हे पाऊस चालू असताना विजेरी घेऊन खाली उतरल्याशिवाय कळत नाही. भिंतीच्या ब्लॉकवर एकाच कोपऱ्यात गडद ओल असेल आणि तिच्याभोवती मिठासारखी पांढरी भुकटी सुटलेली असेल, तर त्याच कोपऱ्याच्या वर डाउनस्पाउट आहे का ते पाहावे, बहुधा असतो. पाऊस थांबून बराच वेळ झाल्यावर पाणी जमिनीतून सगळीकडे वर येत असेल, तर मात्र वरच्या दुरुस्तीने भागणार नाही, फ्रेंच ड्रेन (खडी आणि भोकांची नळी घातलेला पाणी वाहून नेणारा चर) आणि सम्प पंप (खड्ड्यात जमलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) लागेल. पाऊस नसतानाही ओल असेल, तर एसीच्या पाण्याची नळी किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राची हवा घराखाली सोडलेली आहे का, हे पाहावे.

हे सगळे झाल्यावर हवेचा प्रश्न येतो आणि इथे आपली महाराष्ट्रातील सवय आड येते. ओल आली की खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी, असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण इथल्या उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा पायाच्या भिंतीतील झरोक्यांतून घराखाली शिरते, तिथल्या थंड तुळयांना आणि एसीच्या गार नळ्यांना लागते आणि त्यांच्यावर दव धरते. म्हणजे झरोके उघडे ठेवल्याने जागा वाळण्याऐवजी भिजते. रॅलेच्या अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिल गावातील १२ सारख्याच घरांवर केलेल्या अभ्यासात बंद (झरोके बुजवून प्लास्टिकने मढवलेल्या) क्रॉलस्पेस झरोक्यांच्या क्रॉलस्पेसपेक्षा स्पष्टपणे कोरड्या राहिल्या. म्हणून कंत्राटदाराचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्याचा क्रम बदलायला हवा. एक गोष्ट मात्र आधी पाहावी: क्रॉलस्पेसमध्ये तिथलीच हवा घेऊन जळणारी, घर गरम करणारी गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर असेल, तर जागा बंद केल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा धोका संभवतो, तेव्हा जाणकाराकडून तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बुरशी दहा चौरस फुटांपेक्षा कमी जागेत असेल, तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून ती स्वतः काढता येते आणि नंतर लाकूड पूर्ण वाळू द्यावे; त्याहून जास्त असेल तर व्यावसायिकाकडे द्यावी. ब्लीच फवारून मोकळे होऊ नये, कारण ओल कायम असेल तर बुरशी परत येते.

कंत्राटदाराला काम देताना, जागा बंद करण्यापूर्वी लाकडातील ओलाव्याचे मीटरवरचे आकडे लेखी मागावेत. ते १६ टक्क्यांच्या खाली असलेले बरे. २० च्या वर असतील तर काम थांबवावे. प्लास्टिक किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे असावे, जोडांवर एकावर एक बारा इंच येऊन टेपने पक्के चिकटवलेले असावे, आणि भिंतीवर वरच्या कडेला वाळवीच्या तपासणीसाठी तीन इंचांची पट्टी उघडी ठेवलेली असावी, हे करारातच लिहून घ्यावे.