किटकॅट फ्यूज काढून एमसीबी बसवताय? आधी एवढं बघा

मीटरजवळ ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असताना घरातल्या नव्या बोर्डात पुन्हा ३२चाच मेन कशाला, ही तुमची शंका रास्त आहे. एकामागोमाग दोन एमसीबी असणं चूक नाही, पण त्याने संरक्षण दुप्पट होत नाही. दोन्ही सारखेच असले तर ओव्हरलोडला आधी कोणता पडेल याचा नेम नाही. मीटरजवळचा पडला, तर रात्री टॉर्च घेऊन जिना उतरावाच लागतो! म्हणजे दुसऱ्या ३२ने काही साधत नाही. म्हणून घरात मेन म्हणून ४० अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आयसोलेटर पुरतो. तो ट्रिप होत नाही, फक्त चालू-बंद करायला असतो.

शॉर्ट सर्किटची गोष्ट वेगळी. प्रवाह इतका उसळतो की खोलीचा १६चा आणि मीटरजवळचा ३२चा, दोन्ही एकदम पडू शकतात. बोर्ड सदोष आहे समजून वायरमनशी भांडू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं. वायर जळेल. १.५ चौरस मिमीच्या वायरला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, २.५च्या वायरला १६चा.
- आरसीसीबी ओव्हरलोडलाही पडेल असं मानणं. तो फक्त गळती, म्हणजे जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह, पकडतो. ३० मिलिअँपिअरचाच घ्या आणि त्यातून बाहेर पडणारा न्यूट्रल इतर कुठल्या न्यूट्रलला जोडू नका.

मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. जोडणी परवानाधारकाकडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून बघा.