कॉलेजचा बेसबॉल आणि ‘हॉल ऑफ फेम’

प्रश्न : माझा पुतण्या अमरावतीला कॉलेजकडून बेसबॉल खेळतो. एक अमेरिकन खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, कधीच न खेळता ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला, असं तो म्हणतो. हे कसं शक्य आहे? आणि .३५० सरासरी म्हणजे काय?
— एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : पुतण्याचं खरं असू शकतं, कारण हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंत खेळाडूंचं सन्मान-दालन, एकच नाही. सगळ्यांत मानाचा न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनचा. तिथली पहिली निवड १९३६ची. मेजर लीगचे किमान १० हंगाम हवेत, निवृत्तीनंतर ५ वर्षं थांबावं लागतं आणि पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मतं लागतात. कॉलेज बेसबॉलचा हॉल निराळा, त्यातली पहिली तुकडी २००६ची. तिथे कॉलेजातली कामगिरीच पाहतात. शिवाय अनेक विद्यापीठांचे स्वतःचे हॉल असतात. मेजर लीग गाजवलेला डेव्ह विनफिल्ड मात्र दोन्हीकडे आहे : कूपरस्टाउनला २००१मध्ये, कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्याच तुकडीत.

आता सरासरी. हिट (स्वतःच्या फटक्यावर सुरक्षित बेस गाठणं) भागिले ‘अॅट बॅट’ (सरासरीसाठी धरली जाणारी बॅटिंगची पाळी). समजा, पुतण्या हंगामात ४८ वेळा बॅटिंगला उभा राहिला. त्यातले ६ वॉक (पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस), १ वेळा चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस आणि १ सॅक्रिफाइस बंट (सहकाऱ्याला पुढच्या बेसवर पाठवण्यासाठी हळूच अडवलेला चेंडू, त्यात स्वतः आउट) वजा करा; उरले ४०. हिट १४, म्हणजे .३५०. घोळ होतो तो एररचा, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून साधा चेंडू सुटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर ‘अॅट बॅट’ धरायचा, हिट नाही. असे दोन एरर हिट म्हणून लिहिले की .३५०चे थेट .४०० होतात, आणि जाणकार निवडकर्त्याला असा आकडा खटकतोच.

पिचरच्या आकड्यांत वेगळी चूक होते. स्कोअरशीटवर ६.२ इनिंग म्हणजे ६ इनिंग आणि २ आउट, दशांश नव्हे. २ अर्न्ड रन (एररशिवाय गेलेले रन) असतील, तर २ गुणिले ९ म्हणजे १८ला ६ पूर्णांक २/३ने भागायचं : ईआरए (९ इनिंगमागे अर्न्ड रनची सरासरी) २.७०. कॅल्क्युलेटरवर ६.२ दाबलं, तर २.९० येतं आणि बिचाऱ्या पिचरचं विनाकारण नुकसान होतं.

असे आकडे पडताळता यावेत म्हणून प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटची सही असलेली प्रत त्याच दिवशी मागून घ्या. प्रमाणपत्रावर फक्त स्पर्धा आणि क्रमांक असतो. कोण कसं खेळलं, हे शीटवरच सापडतं.