निधान, सर, निधान!

प्रश्न : आम्ही खानापुरातले नऊ जण, सगळे 55 च्या पुढचे. शाळा-कॉलेजात फुटबॉल खेळलो, मग नोकरी आणि शेतीत सगळं राहून गेलं. परवा नातवानं मोबाइलवर इंग्लंडमधली चालत खेळायची फुटबॉल लीग दाखवली. आमच्याच वयाची पांढऱ्या केसांची माणसं, अंगात जर्सी, गुणतक्ता, सगळं रीतसर. बेळगाव, खानापूर, निपाणी मिळून अशी लीग आपल्याकडं होईल का? की लोक हसतील?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नऊ जण हा आकडा वाचूनच बरं वाटलं बघा. या खेळात एका बाजूला सहा खेळाडू पुरतात, तीन बदली. म्हणजे तुमचा संघ तयार आहे.

हा खेळ आज दिसतो त्या रूपात 2011 साली इंग्लंडातल्या चेस्टरफील्ड गावात सुरू झाला. तिथल्या फुटबॉल क्लबच्या सामाजिक ट्रस्टनं पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आठवड्यातली एक वेळ ठरवून दिली, एवढंच. 2014 मध्ये एका बँकेच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत हा खेळ दिसला आणि गावोगावची माणसं आपापल्या क्लबात चौकशी करू लागली. पुढं 2023 मध्ये इंग्लंडातल्याच सेंट जॉर्जेस पार्क या फुटबॉल केंद्रावर देशोदेशींच्या संघांची जागतिक स्पर्धाही झाली. तुमच्या नातवानं दाखवली ती या दोन टोकांच्या मधली पायरी, म्हणजे एका प्रांतापुरती लीग. आपल्याला शिकायचं ते तिच्याकडूनच. शेजारच्या गावांतले गट आधी एकमेकांकडं खेळायला जाऊ लागले, मग वयाप्रमाणं गट पडले, कारण 52 चा माणूस आणि 70 चा माणूस सारख्या वेगानं चालत नाहीत. सगळे संघ एकाच दिवशी एकाच मैदानावर जमतात आणि छोटे छोटे सामने खेळतात. प्रवास एकदाच, मैदानही एकच.

आता लोकांच्या हसण्याचं. पहिले दोन रविवार हसतील. आम्ही बेळगावात टिळकवाडीत लेले मैदानाच्या कडेला सुरुवात केली तेव्हा क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टेकवून बघत उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात त्यातलीच दोघं बॉल आणून द्यायला लागली.

खरी अडचण हसणाऱ्यांची नाही, आपल्याच पायांची आहे. नियम सोपा आहे : कोणत्याही क्षणी एक पाऊल जमिनीला टेकलेलं हवं. दोन्ही पाय उचलले की ते धावणं, आणि फ्री किक समोरच्या संघाला. अंगाला अंग भिडवायचं नाही, बॉल डोक्याच्या वर न्यायचा नाही, हेडिंग नाही, बॉल बाहेर गेला की हातानं न फेकता पायानंच आत घ्यायचा. ऐकायला अगदी साधं. पण चाळीस वर्षांपूर्वीचा, कडेनं धावत सुटणारा विंगर तुमच्या आत अजून बसलेला असतो. माझंच सांगतो. मी सेंटरला होतो, उजवीकडून पास आला, पुढं मोकळी जागा, गोल दिसत होता. तीन पावलं मी धावलो. तिसऱ्या पावलाला पोटरीत कुणी दगड मारावा तशी कळ आली आणि मी खाली बसलो. सहा आठवडे घरी. त्या दिवशी आमच्यातले एक कन्नड बोलणारे गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, बॉल येण्याआधीपासून ओरडत होते, ‘निधान, सर, निधान!’ हळू, हळू. मी ऐकलं नाही. आता आमच्या मैदानावर मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारा प्रत्येक जण हा एकच शब्द ओरडतो. बॉल कुणाकडंही असो, पहिली हाक ‘निधान’चीच.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, लीगच्या आधी पंच शोधा. आमचे पंच लष्कराच्या मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. ते बॉलकडं बघतच नाहीत, पायांकडं बघतात. जुना मित्र असो, स्पर्धेचा खर्च करणारा असो, पाऊल उचललं की शिट्टी. पंच ढिला असला की खेळ दहा मिनिटांत धावता होतो, आणि मग 65 वर्षांचा माणूस पुढच्या रविवारी येत नाही. तो कुणाला काही सांगत नाही, फक्त येत नाही.

चार संघ जमले की लीग झालीच की. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर सहा सामने. पंधरा-पंधरा मिनिटांचे ठेवले तर मधल्या विश्रांतीसकट सकाळी दोन-अडीच तासांत संपतात. महिन्यातला एक रविवार पुरे. हँडबॉलचं मैदान असतं तेवढी, 40 बाय 20 मीटर जागा पुरते. खानापूरहून बेळगावला येणं अवघड नाही. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, त्यांना दर महिन्याला इकडं बोलावण्यापेक्षा एकदा आपणच तिकडं जावं. कोल्हापूरच्या फुटबॉलचं वेड त्यांच्यात आहे, तिथल्या तालमी-पेठांच्या संघांमधली ईर्षा मात्र मैदानाबाहेर ठेवायला सांगा.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. जून ते सप्टेंबर तुमच्या खानापुरात मैदान नसतं, तळं असतं. तांबड्या चिखलात गुडघा वळला तर हंगाम गेला. डिसेंबरात सातला न खेळता आठला खेळा, थंडीत स्नायू आखडलेले असतात. आधी दहा मिनिटं नुसतं चाला, मग घोटे आणि मांड्या मोकळ्या करा. लांब स्टडचे बूट घरी ठेवा, आपल्या मुरमाड जमिनीवर बारीक रबरी खुंट्यांचे बूट बरे.

प्रश्न : यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, शुगरही आहे. मित्रांबरोबर हा खेळ खेळायचा हट्ट धरून बसले आहेत. जाऊ देऊ का?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : ताई, हे मी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. विचारताना ‘फुटबॉल’ एवढंच म्हणू नका; चालत खेळायचा, धक्काबुक्की नसलेला, मध्ये थांबून थांबून खेळायचा फुटबॉल असं नीट सांगा. परवानगी मिळाली तर उपाशीपोटी पाठवू नका आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा द्या. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, घाम, दम, यातलं काहीही वाटलं की लगेच मैदान सोडायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, हे सोबतच्या दोघांना तरी माहीत हवं.

प्रश्न : बायकांनी खेळलं तर चालेल का? वय 47.
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : चालेल की! इंग्लंडात बायकांना चाळिशीपासूनच घेतात, तुम्ही तर सात वर्षं उशीर केलात. आमच्याकडं अजून एकही बाई आलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. एकट्या येऊ नका, अवघडल्यासारखं होईल. बहीण, जाऊ, शेजारीण, तिघी-चौघी मिळून या. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठला. पंचांना मी सांगून ठेवतो.