वाचकांचे प्रश्न : बंदिश दोन ओळींची, गाणे पाऊण तासाचे

प्रश्न : ख्यालगायनात बंदिश जेमतेम दोन-चार ओळींची असते आणि गायक तिच्यावर पाऊण तास गातो, त्यातले बरेचसे त्याला त्या क्षणी सुचलेले असते. सिम्फनीत मात्र प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला असतो. मग या दोन्हींना ‘रचना’ हा एकच शब्द कसा लागू पडतो, आणि रचनेचे प्रकार कोणत्या आधारावर ओळखायचे?

उत्तर : एखादी कृती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने, अगदी दुसऱ्या पट्टीत सादर केली आणि तरीही जाणत्या कानाने ‘ही तीच’ म्हणून ओळखली, की तिथे रचना आहे असे मी मानतो. ती ओळख टिकावी म्हणून किती गोष्टी पक्क्या करायच्या, हे प्रत्येक परंपरेने आपापले ठरवले आहे. सिम्फनीचा रचनाकार स्वर, त्यांची लांबी, कोणते वाद्य केव्हा आणि किती जोरात वाजेल, हे सारे लिहून देतो. बंदिशीचा रचनाकार राग, ताल, शब्द, स्वरांची मुख्य वळणे आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा बांधून देतो आणि पुढचे गायकावर सोपवतो. हे सोपवणेही त्याने विचारपूर्वकच केलेले असते, कारण चांगली बंदिश रागाचे मर्म मुखड्यातच, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यातच, अशा रीतीने दाखवते की पुढच्या आलापाला आपोआप दिशा मिळते.

सतारीवरची मसीतखानी गत घ्या. गत म्हणजे वाद्यावर वाजवायची बांधीव रचना. तीनतालाच्या 16 मात्रांपैकी बाराव्या मात्रेवर ही गत उठते. ‘दिर दा दिर दा रा’ हे बोल, म्हणजे तारेवरच्या आघातांची नावे, उरलेल्या पाच मात्रा व्यापतात आणि त्यानंतरचा ‘दा’ नेमका समेवर पडतो. वादक विस्तार करत कितीही दूर गेला, तरी पुन्हा बारावी मात्रा गाठून तो तेच पाच बोल हाती घेतो आणि ते कानावर पडताच श्रोत्यांना सम येताना दिसू लागते. पाऊण तासाच्या वादनात रचनाकाराचे शब्दशः म्हणावे असे फारच थोडे असते. पण सारे वादन त्या थोड्यावरच तोलून धरलेले असते.

प्रकारांचा आधारही मला इथेच सापडतो. चित्र डोळ्यांसमोर राहते, नाद मात्र उमटताक्षणीच विरतो. म्हणून आधी ऐकलेले पुन्हा भेटवल्याखेरीज ऐकणाऱ्याच्या मनात आकृती उभी राहत नाही. काय परत आणायचे, केव्हा आणायचे आणि किती बदलून आणायचे, यावरून रचनेचे बहुतेक घाट, म्हणजे आकृतिबंध, ठरले आहेत. ध्रुपदात स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे चार भाग, ख्यालात साधारणपणे स्थायी आणि अंतरा एवढेच, तर कर्नाटक संगीतातल्या कृतीत पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम् असे भाग असतात आणि परतायचे ते पल्लवीकडे. पाश्चात्त्य रोंडोमध्ये एक धून मधल्या वेगवेगळ्या भागांनंतर पुन्हा पुन्हा येते. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

सोनाटा हा घाट मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. त्यात सहसा आरंभी दोन कल्पना मांडतात, पहिली मूळ स्वरस्थानावर आणि दुसरी तिथून हललेल्या स्वरस्थानावर. मधल्या भागात त्यांची मोडतोड आणि उलटसुलट जुळणी होते, आणि अखेरीस दोन्ही परततात तेव्हा दुसरी कल्पनाही मूळ स्वरस्थानावर आलेली असते. धून तीच, पण तिचा परकेपणा गेलेला असतो, आणि तो गेल्याचे समाधान ज्याला शास्त्राचा गंध नाही अशा कानालाही जाणवते. याउलट जर्मन रचनाकार बाखच्या 1741 साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये सुरुवातीच्या एरियानंतर, म्हणजे मूळ छोट्या रचनेनंतर, 30 रूपांतरे येतात, पण ती वरच्या धुनेची नसून खालच्या मंद्र स्वरांच्या चालीची आणि तिच्यावर उभ्या असलेल्या स्वरसंवादांची असतात. शेवटी मूळ एरिया जशीच्या तशी पुन्हा वाजवायची असते. तिचा एकही स्वर बदललेला नसतो, तरी मधला प्रवास करून आलेल्याला ती पहिल्यासारखी ऐकू येत नाही.

प्रश्न : मग स्वरलिपीत लिहिलेली बंदिश हीच खरी रचना म्हणावी का?

उत्तर : स्वरलिपी रचनेची खूण आहे, आणि ती मोलाची आहे. पंडित भातखंडे यांनी घराण्यांतल्या गवयांकडून बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या, म्हणून कितीतरी बंदिशी आज कोणालाही उघडून पाहता येतात. पण गंधाराला किती आंदोलन, म्हणजे हलका झोका, द्यायचे, एखादे अक्षर मात्रेच्या किंचित मागे कसे ठेवायचे, हे कागदावर पुरते उतरत नाही. दोन घराण्यांत एकाच बंदिशीचे स्वर थोडे निराळे असतात, आणि तरीही दोन्हींकडचे गवई ती एकच बंदिश मानतात. लिहिलेले पान समोर ठेवून तीच बंदिश दोन जाणत्या गवयांकडून ऐकावी. दोघांनीही जे सोडले नाही, ते त्या रचनाकाराचे.