शाल-नारळाच्या आधी

बेटा,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, थ्रेशरच्या आवाजात धड बोलणं झालं नाही. म्हणून हे लिहितो. १४ जानेवारीला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार ठेवायचा अन् सुरुवात तुझ्या आबाजींपासून करायची म्हणतेस. कर. पण आधी माझी फजिती ऐक.

हेडमास्तर असताना मी एका निवृत्त हवालदाराला २६ जानेवारीला बोलावलं. मोठे पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर हा माणूस उन्हात ताठ बसून. सगळ्यांची भाषणं आटोपल्यावर त्याच्या वाट्याला शाल, नारळ अन् ‘दोन शब्द’. तो उठला, ‘जय हिंद’ म्हणाला अन् बसला. जाताना शाल खुर्चीवरच राहिली. विसरला असेल, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं.

१९५३ साली लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा १४ जानेवारीलाच निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिकांचा दिवस. पण त्या दिवशी संक्रांत, शाळेला बहुधा सुट्टीच. मंडप सोड. पाच-सहा पोरं घे अन् तिळगूळ घेऊन थेट आबाजींच्या ओसरीवर जा.

पोरांना आधीच सांगून ठेव, ‘किती मारले?’ हे विचारायचं नाही. जेवायला काय असायचं, थंडीत बोटं कशी शेकायचे, बाजूच्या खाटेवर कोण होतं, हे विचारू दे. मध्येच ते गप्प झाले तर लगेच दुसरा प्रश्न पुढे करू नको. नंबर मात्र जरूर विचार. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी पाहिलं असशील, सकाळची गोळी विसरणारा माणूस फौजेतला नंबर एका दमात सांगतो.

मग ती काळी पेटी उघडायला सांग. ७१ च्या लढाईचं संग्राम मेडल असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा अन् नाव कोरलेलं दिसेल. पोरांना भिंगातून वाचू दे. चमकवायच्या नादात राखेनं घासू मात्र नको, अक्षरं झिजतात.

पेटीत आजीची आंतरदेशीय पत्रं सापडली तर पत्ता नीट बघ. पत्त्यात गावच नसायचं, नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. नवरा नेमका कुठे आहे, तिला पत्त्यावरून कळायची सोय नव्हती. इकडे कपाशीचा वेचा, सासू-सासरे अन् लेकरं तिनंच सांभाळली. तिला आजवर कुणी शाळेत बोलावलंय का? मी तरी नाही बोलावलं.

त्या हवालदाराच्या घरी मी पुढे कधी गेलो नाही, राहूनच गेलं. तू जाशील तेव्हा तिळगूळ आधी आजीच्या हातावर ठेव.

तुझा,
गुरुजी