तीन सर्व्हर असले तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी लागतेच का?

तुम्ही विचारलंय की लातूरला तुमच्या कॉलेजात तीन सर्व्हर आहेत, एक फाइलींचा, एक लायब्ररीचा, एक अकाउंटचा, मग तिन्हीवर वेगवेगळे युजर बनवले तर काय बिघडतं, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे सगळे युजर एकाच यादीत ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचं, झंझट कशाला. बिघडतं हो. आज नाही, दोन वर्षांनी बिघडतं, मी ते भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

१९९६ ला मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर ३.१२ या सर्व्हर चालवायच्या सॉफ्टवेअरचे तीन सर्व्हर होते. त्यात प्रत्येक सर्व्हरची आपली आपली बाइंडरी असायची, म्हणजे तीन लपवलेल्या फाइली, त्यात त्या सर्व्हरपुरते युजर, ग्रुप, पासवर्ड आणि प्रिंट क्यू (छपाईच्या रांगा). शेजारच्या सर्व्हरला त्यातलं काही माहीत नाही. आपल्याकडं बापाची जमीन तीन गावांत असली की वारस नोंद तिन्ही गावच्या तलाठ्यांकडं करावी लागते, एका गावात फेरफार झाला म्हणून दुसऱ्या गावचा सातबारा बदलत नाही, अगदी तसं. नवीन माणूस आला की सिसकॉन हा युजर बनवायचा प्रोग्राम उघडून तेच नाव तीनदा टाकायचं. टाकायचा त्रास सोसता येतो, खरा घोळ काढताना होतो. स्टोअरमधला एक जण नोकरी सोडून गेला, मी दोन सर्व्हरवरून नाव काढलं, तिसऱ्यावर राहून गेलं, आणि आठ महिन्यांनी कळलं की त्याच्या लॉगिननं मालाच्या एंट्र्या पडायल्यात. कोण करायलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही कारण नाव तर गेलेल्या माणसाचं.

यावर उपाय नोव्हेलनंच १९९३ ला नेटवेअर ४ मध्ये काढला होता, एनडीएस म्हणून, म्हणजे सगळ्या सर्व्हरांची मिळून एकच डिरेक्टरी (नावांची यादी), आमच्याकडं यायला १९९८ उजाडलं. त्यात युजर सर्व्हरचा राहिला नाही, तो नेटवर्कचा झाला. वर संस्था, खाली विभाग, विभागात माणसं आणि प्रिंटर, असं एक झाड, आणि त्या झाडाच्या कॉप्या दोन-तीन सर्व्हरवर. एकदा लॉगिन केलं की जिथं हक्क आहे तिथं जाता येतं, एकदा काढलं की सगळीकडून गेला. मला तर हे पहिल्यांदा चालताना बघून इतका आनंद झाला होता की घरी येऊन बायकोला सांगत बसलो होतो.

झाडाची कल्पना मूळ एक्स.५०० ची, ते डिरेक्टरीचं १९८८ चं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. बनियन कंपनीची स्ट्रीटटॉक ही डिरेक्टरी त्याच्याही आधीची. युनिक्सवाल्यांकडं याच कामाला सन कंपनीचं यलो पेजेस (वायपी) होतं, पण ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं म्हणून एनआयएस करावं लागलं, तरी त्याच्या कमांड अजून वायपीनंच सुरू होतात. एक्स.५०० साध्या पीसीला पेलणारं नव्हतं म्हणून मिशिगन युनिव्हर्सिटीत त्याची हलकी आवृत्ती केली, तेच एलडॅप, १९९३ ला आलं, आणि आज जवळपास सगळ्या डिरेक्टऱ्या तीच भाषा बोलतात.

मायक्रोसॉफ्टकडं तेव्हा विंडोज एनटीचे डोमेन होते, डोमेन म्हणजे एकाच युजर यादीवर चालणारा कॉम्प्युटरांचा गट, आणि ती यादी सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. एक पीडीसी (मुख्य कंट्रोलर), बदल फक्त त्याच्यावर, बाकी बीडीसी (राखीव कंट्रोलर) नुसत्या कॉप्या, म्हणजे पीडीसी बंद असला की लॉगिन होतं पण पासवर्ड बदलता येत नाही. दोन डोमेनचा एकमेकांवर विश्वास हवा तर ट्रस्ट हातानं जोडायचे आणि तेही एकतर्फी, पाच डोमेन सगळे सगळ्यांशी जोडायचे म्हटलं की वीस ट्रस्ट. २००० साली विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि हे सगळं संपलं, कुठल्याही डोमेन कंट्रोलरवर बदल करा, बाकीच्यांकडं आपोआप पोचतो.

आता तुमच्यापुरतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी बसवा, पण डोमेन कंट्रोलर दोन ठेवा, कारण सगळ्यांची नावं एका जागी आली की ती जागा बंद पडल्यावर सगळं कॉलेज बंद. बजेट नसेल तर लिनक्सवर सांबा ४ हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, २०१२ पासून त्याचा डोमेन कंट्रोलर करता येतो. क्लायंटच्या, म्हणजे लोकांच्या पीसीच्या, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधायची सेटिंग) आपल्या कंट्रोलरचाच आयपी टाका, बाहेरचा टाकला की डोमेन सापडत नाही आणि माणूस दिवसभर केबल तपासत बसतो.

आणि घड्याळ. लॉगिन करबेरॉस या ओळख तपासायच्या पद्धतीवर चालतं, त्यात पीसी आणि कंट्रोलरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तिकीट, म्हणजे आत जायचा परवाना, मिळत नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत आमचा एक कंट्रोलर यूपीएस संपून बंद पडला, बोर्डावरची घड्याळाची बॅटरी गेलेली, लाइट आल्यावर तो जुनीच तारीख घेऊन उठला. लोकांचं पीसीत लॉगिन व्हायलं कारण पीसी आधीचा पासवर्ड धरून ठेवतो, पण सर्व्हरवरचं शेअर केलेलं एकही फोल्डर उघडेना, अर्धा दिवस गेला त्यात. ती बॅटरी साध्या घड्याळजीकडंही मिळते, दोन जास्तीच्या आणून ठेवा.

बसवायच्या आधी पीसीवरचं विंडोज होम आहे का प्रो ते बघून इथं लिहा, होम असेल तर ते डोमेनला जोडताच येत नाही.